रिव्हॉल्व्हर, रानडुक्कर आणि एक्सेल शीट

तर झालं असं, की आमच्या तात्यांना परवाना मिळाला. ड्रायव्हिंगचा नव्हे, शस्त्राचा. आणि एका शनिवारी सकाळी सकाळी त्यांचा फोन आला.

"आरं, टीव्ही घेताना तू बघितलंस, रोटाव्हेटर घेताना तू बघितलंस. आता ह्याचं बी बघ की तुझ्या त्या लॅपटॉपवर. कानपूरचं घ्यावं का वेब्ली?"

तात्या म्हणजे माझे चुलते. सोमेश्वरनगरला कारखान्यापासून थोडं आत, नीरा डाव्या कालव्याखाली त्यांचा ऊस आहे. रस्त्याला खता-औषधांचं दुकान आहे. घर गावात नाही, वस्तीवर आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवर रात्री चोर आले, म्हाताऱ्या माणसांना मारहाण झाली. त्यानंतर तात्यांनी अर्ज केला. मग फोटो, दाखले, पोलिसांचा अहवाल, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या. परवाना हातात आला तेव्हा त्यावर .३२ रिव्हॉल्व्हर असं लिहिलेलं होतं आणि ते अमुक तारखेच्या आत विकत घ्यायचं होतं.

आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना घरात नेमकं काय काम असतं? आपण काय करतो हे कुणाला कळत नाही, पण "ह्याला तुलना करता येते" हे सगळ्यांना पटलेलं असतं. फ्रिज, गाडी, मोबाईल, मेडिक्लेम. मी पण इमानेइतबारे एक्सेल उघडतो, रांगा आणि रकाने पाडतो, हिरवा-लाल रंग देतो. रिव्हॉल्व्हरचं काम मात्र पहिल्यांदाच आलं होतं. म्हटलं, चला, वीकेंड सत्कारणी लागला.

सुरुवातीला त्या शीटमधे कानपूर आणि वेब्ली नव्हतेच, अमेरिका होती. कारण माझा आतेभाऊ टेक्सासमधे असतो आणि त्याने फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला होता. हातात हे एवढं मोठं रिव्हॉल्व्हर, त्यावर चक्क दुर्बीण बसवलेली, आणि पायाशी रानडुक्कर. तात्यांनी तो फोटो जपून ठेवला होता. "हे बघ. डुकराला असलं पायजे. आपल्यात मिळत नसंल का?"

तर, तिकडचं जग थोडक्यात सांगतो, कारण भन्नाट आहे. रिव्हॉल्व्हरने शिकार करणं हा तिकडे एक वेगळा पंथच आहे. त्याची खरी सुरुवात १९५५ च्या .४४ मॅग्नम या काडतुसापासून धरायची. स्मिथ अँड वेसन कंपनीने ते आणि त्याचं रिव्हॉल्व्हर आणलं. तेच पुढे १९७१ च्या 'डर्टी हॅरी'मधे क्लिंट ईस्टवुडच्या हातात दिसलं आणि जगभर गाजलं. मग रुगर कंपनी उतरली. स्मिथचा चाप लोण्यासारखा, पण रुगरची चौकट दणकट, जास्त दारूची काडतुसं झेलणारी, अशी तिकडच्या चाहत्यांची विभागणी आहे. आपल्याकडे बुलेट आणि यझ्दीवरून व्हायची तशीच. १९८७ साली आलेल्या रुगरच्या 'सुपर रेडहॉक'च्या चौकटीवर दुर्बीण बसवायच्या खाचा कारखान्यातूनच येतात. आतेभावाच्या फोटोत होतं ते हेच. ज्यांना घड्याळासारखं जुळवलेलं यंत्र हवं आणि खिशात पैसा आहे, ते वायोमिंगमधल्या फ्रीडम आर्म्सकडे जातात. त्यात गोळ्या पाचच, पण .४५४ कॅसूल हे काडतूस .४४ मॅग्नमच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचं. ज्यांना स्वस्तात हवं ते ब्राझीलचं टॉरस घेतात. आणि २००३ साली स्मिथने .५०० मॅग्नम आणून हा वादच मोठ्या आवाजात संपवायचा प्रयत्न केला. लांब नळीचं ते रिव्हॉल्व्हर दोन किलोच्या आसपास भरतं. आपल्या पाव-पाव किलोच्या आठ साखर पुड्या एका हातात धरून नेम साधायचा, असं समजा.

टेक्सासमधे २०१९ च्या सप्टेंबरपासून खाजगी जमिनीवर जमीनमालकाच्या परवानगीने मोकाट डुकरं मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. गंमत म्हणजे प्राणी तोच. शास्त्रीय नाव सुस स्क्रोफा. तिकडे मक्यात घुसतो, आमच्याकडे उसात आणि मक्यात दोन्हीकडे.

मी हे सगळं हौसेने शीटमधे भरलं. पाच रकाने झाले. मग कायदा वाचायला घेतला आणि एकेक रकाना पुसायला लागलो.

पहिली कात्री आयातीची. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून साध्या परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. जी थोडी परदेशी हत्यारं देशात फिरतात ती जुनी आहेत, एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर जातात आणि त्यांच्या किमतीत गाडी येते. म्हणजे रुगर, फ्रीडम, टॉरस सगळे बाद.

दुसरी कात्री बोअरची. आपल्याकडे शस्त्रांचे 'प्रतिबंधित' आणि 'अप्रतिबंधित' असे दोन भाग आहेत. हाताच्या शस्त्रांच्या बाबतीत यादी अशी, की जे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर .३८० किंवा .४५५ ची काडतुसं, किंवा लष्कराची ९ मिलिमीटर किंवा .४५ ची काडतुसं उडवू शकतं, ते प्रतिबंधित. नीट बघितलं तर हे आकडे ताकदीच्या क्रमाने आलेले नाहीत. हे फौजेचे आकडे आहेत. फौजेची काडतुसं बाहेर गेली तर ती खाजगी बंदुकीत बसता कामा नयेत, असा साधा हिशोब. हा हिशोब साहेबाच्या काळातला आहे. १९०७ साली ब्रिटिशांनी हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली, तेव्हा विलायतेतल्या बंदूकवाल्यांना मोठ्या शिकारीसाठी .४७० सारखे नवे बोअर काढावे लागले. म्हणजे आफ्रिकेत हत्तीवर कुठली गोळी झाडायची हे काही अंशी हिंदुस्थानातल्या बंडाच्या भीतीने ठरलं. आणि सोमेश्वरनगरच्या तात्यांना .३२ च का मिळतं, त्याचं मूळही त्याच भीतीत आहे.

.३२ फौजेने वापरलं नाही, म्हणून ते मोकळं राहिलं. ते निवडलेलं नाही, उरलेलं आहे. पण तात्यांना असं सांगून चालत नाही. :)

तर आता शीटमधे उरले दोघे.

एक, कानपूर. पूर्वी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड होतं. १ ऑक्टोबर २०२१ ला ते मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यातली शस्त्रांची कंपनी कानपूरला आहे. गावाकडे अजून सगळे "फॅक्टरीचं" असंच म्हणतात. त्यांचं जुनं .३२ रिव्हॉल्व्हर मधोमध मोडतं. म्हणजे वरची कडी सोडली की नळी आणि चक्र पुढे झुकतं आणि रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. २०१४ मधे त्यांनी बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' आणलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो. तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. किमतीवरूनच त्याची जास्त चर्चा झाली. २०२३ मधे 'प्रबल' आलं. ह्याचं चक्र बाजूला उघडतं, अमेरिकन सिनेमात दिसतं तसं, आणि मारा ५० मीटरपर्यंत असं कंपनी सांगते.

दोन, वेब्ली अँड स्कॉट. हे नाव आमच्या भागात असं उच्चारतात, की जणू पाहुण्यातलं स्थळ आहे. बर्मिंगहॅमची कंपनी. १८८७ पासून ब्रिटिश फौजेला रिव्हॉल्व्हर पुरवणारी, तेही .४५५ चं, म्हणजे आज आपल्याकडे प्रतिबंधित. १८९७ मधे स्कॉटचं नाव जोडलं गेलं. १९७९ मधे तिकडे बंदुका बनवणं बंद झालं, पण नाव जिवंत राहिलं. आणि २०२० मधे ह्याच नावाने उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे .३२ रिव्हॉल्व्हर बनायला लागलं.

आता ह्यातली खरी मजा बघा. कानपूरचं जुनं रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच धर्तीवर बेतलेलं आहे. तीच मोडायची पद्धत, तेच सहा घरांचं चक्र, तेच काडतूस. म्हणजे आमच्या गावात चौकाचौकात "फॅक्टरी का वेब्ली" म्हणून जो वाद चालतो, तो एकाच घरातल्या दोन भावांचा आहे. एक सरकारी नोकरीत, दुसरा विलायतेहून परत आलेला. आणि दोघांचाही पत्ता आता उत्तर प्रदेश.

फरक आहेत, नाही असं नाही. फिनिशिंग, चापाचा कडकपणा, दुरुस्तीची सोय, किंमत, किती दिवसांत मिळतं. हे सगळं मी भरलं. रविवार दुपारपर्यंत शीट इतकी देखणी झाली होती, की ऑफिसात दाखवली असती तर प्रमोशन मिळालं असतं.

मग आमचा आवडता इंजिनियरिंगचा किडा वळवळला आणि मी एक रांग वाढवली. ऊर्जा. अकरावीचं सूत्र, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. .३२ ची गोळी सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला २१५ ते २२० मीटर. उत्तर येतं साधारण १५० ज्यूल. .४४ मॅग्नमची गोळी साडेपंधरा ग्रॅम, वेग ४०० मीटरच्या पुढे. उत्तर येतं १३०० ज्यूल. .५०० मॅग्नम तीन हजारांच्या वर. आणि आपली साधी बारा बोअरची बंदूक, जी गावात जुन्या पाटलांच्या घरी खुंटीला असायची, ती सव्वादोन ते अडीच हजार.

म्हणजे आतेभावाच्या फोटोतल्या डुकराला जे लागलं, त्याच्या नवव्या हिश्शाइतकं तात्यांच्या हातात येणार. कानपूरचं घ्या, वेब्लीचं घ्या, ही रांग दोघांना सारखीच. ब्रँडच्या रकान्यांमधे कितीही रंग भरले तरी ह्या रांगेत काही फरक पडत नाही.

आमच्या धंद्यात एक जुनं दुखणं आहे. क्लायंट येतो तो थेट "ओरॅकल घेऊ का एसक्यूएल सर्व्हर?" असं विचारत. तुम्ही चार दिवस बसून तुलना करता आणि पाचव्या दिवशी कळतं, की त्याला फक्त हजेरी नोंदवायची आहे. म्हणून आधी विचारायचं, की बाबा रे, तुला नेमकं करायचंय काय? मी तात्यांना फोन लावला.

"तात्या, हे तुम्हाला नेमकं कशासाठी पाहिजे?"

"कशासाठी म्हंजे? रात्री दारं धरायला जावं लागतं. डुकरं हायेत. बिबट्याचं कानावर येतंय. चोर हायेत. झालंच तर..." मग थोडं थांबून, "आसावं जवळ."

चार कारणं निघाली. एकेक घेऊ.

डुक्कर. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्यात पीक राखण्यासाठी कुठलं हत्यार द्यायचं हे स्पष्ट लिहिलंय. ठासणीची बंदूक. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला वाटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रिव्हॉल्व्हरचं नाव त्या कलमात नाही. शिवाय हत्यार जवळ असणं वेगळं आणि डुक्कर मारायला परवानगी असणं वेगळं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत वनखात्याचा अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो, कारणासकट. तो आदेश नसताना झाडलेली गोळी म्हणजे गुन्हा. बारामती तालुक्यातच सुप्याला चिंकाऱ्यांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना तर नवा शस्त्रपरवाना द्यायलाही वन्यजीव खात्याची संमती लागते.

पण कायदा सोडा, शेताचं बोला. आडसाली ऊस माणसाच्या दीडपट-दुप्पट उंच, आत पाचट, पाच फुटांपलीकडचं दिसत नाही. एका हातात बॅटरी, खांद्यावर खोरं, पायात चिखल. टेक्सासचा माणूस उजेडात, टेकू घेऊन, दुर्बिणीतून, महिनोन् महिने सराव करून गोळी झाडतो. तात्यांच्या परवान्यावर काडतुसं मोजून मिळणार आणि सरावाची रेंज गाठायची तर पुणं. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड कातडीची ढालच असते. दीडशे ज्यूलने तो मरणार नाही, चिडणार. आणि गोळी चुकली तर? उसाच्या पलीकडे कुणीतरी दुसरा दारं धरत असतो. हंगामात तोडणीच्या टोळ्या उतरलेल्या असतात, त्यांच्या कोपी फडाच्या कडेलाच असतात, लेकरंबाळं झोपलेली. उसाच्या पानाने गोळी थांबत नाही.

बिबट्या. ह्याची चेष्टा मी करणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात, तीन आठवड्यांत तिघांचे जीव गेले. त्यात दोन लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले ते उगीच नाही. शेवटी वनखात्याने आदेश काढून, नेमबाज बोलावून तो बिबट्या मारला. कायद्यात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे मारलेल्या जनावराबद्दल गुन्हा धरत नाहीत, हे खरं. पण बिबट्या मागून येतो, वाकलेल्या माणसावर किंवा लहान मुलावर येतो. कमरेचं हत्यार काढायला वेळ मिळाला, तर तो बहुतेक हल्ला करणारा बिबट्या नव्हेच.

चोर. इथे .३२ चा थोडा उपयोग आहे, निदान धाकाचा. परवानाही त्याच कारणासाठी दिलेला. पण चोर अमावस्येच्या रात्री दोन वाजता येतात, चार-पाच जण असतात, आणि तेव्हा रिव्हॉल्व्हर कुलपात असतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते कुलपातच असायला पाहिजे. उशीखाली असेल तर मग दुसरे प्रश्न उभे राहतात. त्यावर येतोच.

आणि चौथं, "आसावं जवळ." मला वाटतं चारांतलं सगळ्यात प्रामाणिक कारण हेच होतं. आमच्या भागात रिव्हॉल्व्हर वापरत नाहीत, बाळगतात. पांढरा शर्ट, मोठी गाडी, कमरेला कव्हर. कारखान्याच्या सभेला, लग्नाला, पाहुण्यांत. कधी वरातीत कुणी हवेत बार काढतो. त्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तरीही. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस बोलावतील तेव्हा हेच हत्यार मुकाट्याने ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. आमच्याकडे निवडणुका किती असतात हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे नेमका रुबाब करायचा हंगाम आला की हत्यार सरकारजमा.

हे सगळं घेऊन मी पुढच्या शनिवारी गाडी काढली. मोरगाव, मग नीरेच्या अंगाने सोमेश्वरनगर. जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला. तात्या चष्मा लावून बसले. अमेरिकन रकाने बघून हळहळले. वेब्लीच्या रकान्यावर बोट ठेवून "हे बघ, नावच वेगळं," असं म्हणाले. ऊर्जेची रांग समजावून सांगितली तर म्हणाले, "तुमचं ज्यूल-बिऊल चोराला कुठं म्हाईत असतंय?" मुद्दा बिनतोड होता.

काकू भांडी आवरत होती. पदराला हात पुसत आली आणि शीटकडे न बघताच विचारलं, "ते ठेवायचं कुठं?"

"कपाटात," तात्या.

"किल्ली?"

"आसंल की माझ्यापाशी."

"तुमच्यापाशी गाडीची किल्ली ऱ्हात न्हाय."

तात्या हसले. मी पण हसलो. काकू हसली नाही. तिने एकदा माडीच्या जिन्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं, "नाय, पण ठेवायचं कुठं?"

माडीवर माझा चुलतभाऊ होता. पाच वर्षं पुण्यात पेठेत खोली घेऊन एमपीएससी केली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला. वय निघून चाललंय, जमलेलं लग्न मोडलं. वर्षभरापूर्वी सामान घेऊन परत आला. दिवसा झोपतो, रात्री जागा असतो. माझ्याशी पूर्वी तासन् तास बोलायचा, हल्ली "बरंय" म्हणतो. घरात त्याच्याबद्दल कुणी काही उघड बोलत नाही.

काकू दुकानातली औषधं घरात आणून ठेवू देत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पूर्वी पडवीत तणनाशकाचे, कीटकनाशकाचे डबे असायचे. आता सगळं दुकानात, शटरच्या आत. तिने कुठला अभ्यास वाचलेला नाही. पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला एवढं कळतं, की वाईट वेळ ही बऱ्याचदा अर्ध्या तासाची असते, आणि त्या अर्ध्या तासात हाताशी काय आहे त्यावर सगळं ठरतं. अमेरिकेत ह्यावर १९९२ साली एक गाजलेला अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे आला. बंदूक असलेल्या घरात आत्महत्येचा धोका बंदूक नसलेल्या घराच्या जवळजवळ पाचपट दिसला. तिथे ब्रँडचा रकाना नव्हता. .२२ की .४४, स्मिथ की रुगर, ह्याने काही बदलत नव्हतं. जे दीडशे ज्यूल डुकराला पुरत नाहीत, ते माणसाला पुरतात.

मी हे तिथे बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. शीटमधे खाली एक रांग वाढवली, "कुठे ठेवायचं", आणि कानपूर, वेब्ली दोन्हीच्या खाली जागा कोरी सोडली. तात्यांनी चष्म्यातून ती रांग बराच वेळ बघितली. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बंद कर. झोप आता, दमला आसशील."

सकाळी त्यांनी दुसराच विषय काढला. मोटरचा मोबाईल स्टार्टर कितीला येतो? आमच्याकडे थ्री फेज लाइट आठवड्याआड रात्रीची असते. ती कधी येईल ह्याच्यासाठी माणूस विहिरीवर जाऊन बसतो आणि डुक्कर, बिबट्या, साप ह्या सगळ्यांची गाठ तिथेच पडते. दिवसा लाइट मिळावी म्हणून सरकारची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मधे तिचा दुसरा टप्पा आला. आमच्या फीडरवर दिवसाची लाइट आली, की माझ्या मते निम्मं रिव्हॉल्व्हर आपोआप रद्द होतं. तोवर फोनवरून मोटर चालू-बंद करणारा स्टार्टर, वस्तीभोवती चार दिवे आणि उसाच्या कडेने सौर बॅटरीची झटका तार. ही तार वेगळी बरं का. झटका बसतो, जीव जात नाही. मेन लाइनचा करंट तारेत सोडणारे महाभाग आहेत, त्यात डुकरांबरोबर माणसंही सापडतात. तीन वस्तू, तीन रकाने, बेरीज. निर्भीकच्या २०१४ च्या किमतीत हे सगळं बसून पैसे उरतात.

स्टार्टर बसवला तो चुलतभावाने. ॲप त्याच्याच फोनवर आहे. रात्री जागा असतोच, तर लाइट आली की तोच मोटर चालू करतो आणि तात्यांना उठवत नाही. ह्यातून फार मोठा अर्थ काढू नका. तो अजूनही "बरंय" एवढंच म्हणतो. गेल्या महिन्यात मात्र त्याने स्वतःहून फोन केला, स्टार्टरच्या सेटिंगबद्दल. वीस मिनिटं बोललो. त्यातली सोळा स्टार्टरवर.

आता तुम्ही विचाराल, शेवटी तात्यांनी कुठलं घेतलं?

तात्यांनी खरेदीची मुदत वाढवून मागितली आहे. चौकात कुणी विचारलं तर सांगतात, "वेब्लीचं मॉडेल बघतोय, घाई न्हाय." कानपूरवाल्यांचा गट त्यांना चिडवतो, वेब्लीवाल्यांना आपला माणूस मिळाल्यासारखं वाटतं. माझ्या शीटची त्यांनी बारामतीहून रंगीत प्रिंट काढून आणली आहे, तीसुद्धा लॅमिनेट करून. शेवटची रांग तेवढी कापलेली आहे. ज्याला परवाना मिळतो तो आधी तात्यांकडे येतो, आणि तात्या त्याला चहा पाजून .४४ मॅग्नमपासून सुरुवात करतात.

परवा त्यातल्याच एकाला ते विचारत होते म्हणे, "ते सगळं ऱ्हाऊ दे. घरात कोन कोन आसतंय तुझ्या?"